घाटीतील चिठ्ठी आणि सरकारी औषधकोठार

१६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरात राज्य मंत्रिमंडळाची बैठक भरली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती आणि त्या निमित्ताने या विभागासाठी हजारो कोटी रुपयांच्या योजना जाहीर झाल्या. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता, तोच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतील १२ नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब झाला तेव्हा मृतांची संख्या ३१ वर गेली. त्याच आठवड्यात संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातूनही चोवीस तासांत १८ मृत्यू झाल्याचे वृत्त आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने औषधांचा तुटवडा नव्हता असे सांगितले. नातेवाईकांनी बाहेरून औषधे आणल्याच्या पावत्या पुढे केल्या.

प्रत्येक मृत्यूचे कारण औषधाचा अभाव हेच होते, असे कोणी म्हणू नये. रिकामी पदे, एका खाटेवर दोन रुग्ण, तालुक्याच्या रुग्णालयाने शेवटच्या घटकेला पुढे ढकललेली अत्यवस्थ बालके, ही सर्व कारणे त्यांत होती. परंतु औषधाबाबतचे दोन्ही जबाब एकाच वेळी खरे असू शकतात, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या चर्चेत राहून गेली. भांडारात सरासरीने औषध आहे आणि नेमक्या रुग्णाला नेमक्या रात्री हवे ते नाही, अशी स्थिती सरकारी रुग्णालयात अपवादाने नव्हे, नित्य असते. डॉक्टर मग एका कागदाच्या कपट्यावर औषधाचे नाव लिहून देतात. मराठवाड्यातील गरीब माणूस या कपट्याला ‘चिठ्ठी’ म्हणतो, आणि घाटीच्या फाटकाबाहेरील औषधदुकानांची रांग या चिठ्ठीवर उभी आहे.

घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. जालना, बीड, परभणी, हिंगोली येथील रुग्ण तर तेथे येतातच. पण बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर या शेजारच्या जिल्ह्यांतूनही येतात. ज्याला खाजगी रुग्णालयाचा पहिला दिवसही परवडत नाही, त्याचे हे शेवटचे ठिकाण. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये त्या निर्णयात आली नाहीत. म्हणजे जेथे सर्वांत गरीब आणि सर्वांत आजारी माणूस पोहोचतो, तेथेच सवलत थांबली. परंतु केसपेपरची रक्कम माफ झाली काय किंवा न झाली काय, दोनशे-चारशे रुपयांची चिठ्ठी हातात पडली की त्या माफीला अर्थ उरत नाही.

अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या मंडळींनी या प्रश्नाला एक नवे नाव दिले आहे: पुरवठासाखळीची चपळता. शब्द व्यापारातला आहे. त्यामुळे तो ऐकताच कार्यकर्त्याने कान टवकारावेत हे योग्यच. तरीही तो फेकून देण्यासारखा नाही. मागणी एकाएकी बदलली तर पुरवठा किती दिवसांत बदलतो, एवढाच त्याचा अर्थ. मराठवाड्यात पहिला पाऊस पडला की शेतात सर्पदंश वाढतात, विहिरी गढूळ झाल्या की अतिसार येतो, पाणी साचले की डेंग्यू येतो. यांपैकी कोणतीही गोष्ट अनपेक्षित नाही. अनपेक्षित असते ते फक्त तिचे गाव आणि तिचा आठवडा. तेवढ्यासाठी जी लवचीकता लागते ती सरकारी यंत्रणेत का नाही, हा खरा प्रश्न आहे.

थोडे गणित मांडले की बरेच धुके निवळते. समजा, एखाद्या रुग्णालयाला महिन्याला सलाईनच्या दहा हजार बाटल्या लागतात. मागणी नोंदवल्यापासून माल येईपर्यंत दोन महिने जात असतील, तर भांडारात वीस हजार बाटल्या उरल्या की नवी मागणी पाठवली पाहिजे. साथ आली तर हाताशी असावा म्हणून आणखी दहा हजारांचा राखीव साठा धरला तर तीस हजारांवर पाठवावी. तोच कालावधी आठ महिन्यांचा झाला की नव्वद हजार बाटल्या शिल्लक असतानाच नवी मागणी गेली पाहिजे. एवढा माल ठेवायला कोठार नाही, घ्यायला पैसा नाही, आणि ठेवला तर त्यातील काही मुदत उलटून फेकावा लागेल. म्हणून तो ठेवला जात नाही. यंत्रणा जितकी मंद, तितका मोठा साठा लागतो. आणि मंद यंत्रणेलाच मोठा साठा झेपत नाही. मग उरलेल्या महिन्यांचा साठा कोणाकडे असतो? तो रुग्णाच्या कनवटीला असतो. सावकाराकडून काढलेले, गहाण टाकलेल्या डोरल्याचे, बैल विकून आलेले पैसे हाच महाराष्ट्र शासनाचा औषधांचा राखीव साठा आहे. अंदाजपत्रकात त्याची नोंद नसते, इतकेच.

मोटारींच्या जपानी कारखानदारांनी सुटा भाग लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच मागवण्याची रीत बसवली आणि जगभर तिचे कौतुक झाले. ती रीत औषधांना लावू पाहणाऱ्यांनी एक फरक ध्यानी घ्यावा. कारखान्यात सुटा भाग आला नाही तर मोटार थांबते, आणि भाग आल्यावर पुन्हा चालू लागते.

दुसरी गोष्ट मागणी ठरवण्याची. बहुतेक ठिकाणी पुढील वर्षाची मागणी मागील वर्षाच्या खपावरून काढली जाते. वरकरणी यात गैर काही नाही. पण जे औषध भांडारात सहा महिने नव्हतेच, त्याचा खप नोंदवहीत शून्य दिसतो. खप कमी दिसला की मागणी कमी, मागणी कमी की पुरवठा कमी. आणि तुटवडा अशा रीतीने स्वतःच स्वतःचा पुरावा नष्ट करतो. बाजारातील खप आणि माणसाची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राचा पहिला धडा म्हणून शिकवले जाते. सरकारी मागणीपत्रात तो विसरला जातो. बीड, जालना आणि कन्नडकडील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या आगेमागे लाखो कुटुंबे फड गाठतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, क्षयाच्या गोळ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे मंजूर होतात आणि माणसे असतात सांगली-कोल्हापूरच्या उसात. गावी गोळ्या पडून राहतात, फडावर माणूस गोळीवाचून राहतो. औषधाने माणसामागे जावे, माणसाने औषधामागे नव्हे, एवढी साधी लवचीकता जी यंत्रणा दाखवत नाही, तिने चपळतेच्या गप्पा मारणे फोल आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. केले ते कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी आरोग्य सेवा आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन्ही खाती आपापली खरेदी करीत. दर वेगळे, पुरवठादार वेगळे, आणि आरोप मात्र सारखे. २०१६ मध्ये औषधखरेदीतील गैरव्यवहाराचे प्रकरण गाजले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाई करावी लागली. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये सर्व खात्यांची खरेदी एकाच ठिकाणी आणण्याचे ठरले, आणि ते ठिकाण निवडले गेले हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला १८९९ मध्ये उभी राहिली. तिच्यातून पुढे सत्तरच्या दशकात हे महामंडळ निघाले. सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओची तोंडावाटे द्यावयाची लस तयार करणारी ही सार्वजनिक क्षेत्रातील संस्था. तिला भांडवल देऊन, यंत्रसामग्री नवी करून, राज्याला लागणारी आणखी औषधे तिच्याकडून निर्माण करून घेणे हा समाजवादी मार्ग झाला असता. सरकारने तिला निविदा काढणारे कचेरीघर बनवले. उत्पादन करणाऱ्या हातांना खरेदीच्या फायली दिल्या; त्यासाठी लागणारी माणसे, कोठारे, वाहतूक दिली नाही. खाती मागण्या उशिरा पाठवीत, पैसे त्याहून उशिरा पाठवीत, निविदांना प्रतिसाद येत नसे, फेरनिविदा निघत. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या विलंबावर आणि अपुऱ्या पुरवठ्यावर बोट ठेवले आहे. दोष हाफकिनच्या माथी मारून मंत्रालय मोकळे झाले.

त्यानंतर २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. तामिळनाडूचा आदर्श डोळ्यांपुढे आहे असे तेव्हा सांगितले गेले. परंतु त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, नांदेडच्या घटनेनंतर, प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा, हे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. कायदा झाला, खुर्ची रिकामी होती.

तामिळनाडूचा आदर्श घ्यावयाचा तर तो नीट समजून घ्यावा. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर द्रमुक आणि अण्णा द्रमुक यांची सरकारे आलटून पालटून आली, एकमेकांच्या कित्येक योजना त्यांनी मोडल्या. हे महामंडळ टिकले. त्याचे रहस्य एका साध्या श्रमविभागणीत आहे. दर आणि दर्जा राज्यपातळीवर ठरतो. किती माल कोठे जावा हे खालून ठरते. महामंडळ संपूर्ण राज्यासाठी आवश्यक औषधांची यादी आणि दरकरार करते. माल थेट जिल्ह्याजिल्ह्यांतील कोठारांत येतो. प्रत्येक तुकडीचे नमुने उत्पादकाची ओळख झाकून प्रयोगशाळेत जातात आणि निर्वाळा मिळाल्यावाचून माल कोठाराबाहेर पडत नाही. प्रत्येक रुग्णालयाला बँकेच्या पासबुकासारखे एक पुस्तक असते. त्यात वर्षाची रक्कम जमा, आणि उचललेले औषध खर्ची. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला निविदा काढावी लागत नाही, मुंबईकडे डोळे लावून बसावे लागत नाही. त्याने आपल्या पुस्तकावर कोठारातून माल उचलावा. कोठारातील साठा ठरावीक पातळीखाली गेला की पुढची मागणी जाते. पुरवठादाराला पैसा वेळेवर मिळतो म्हणून तो दर कमी लावतो, आणि माल वेळेवर न दिल्यास दंड होतो, काळ्या यादीत नाव जाते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून निःशुल्क औषध योजना सुरू केली तीही अशाच महामंडळाच्या आधारावर.

यावरून केंद्रीय खरेदी की स्थानिक खरेदी, हा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चाललेला वाद किती पोकळ आहे हे दिसते. येथे दरही मुंबईत, प्रमाणही मुंबईत, आणि गोंधळ झाला की जबाबदारी मात्र अधिष्ठात्यांवर. टंचाई ओरडू लागली की स्थानिक खरेदीचे अधिकार थोडे वाढवले जातात आणि त्याला लवचीकता म्हटले जाते. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या बाबतीत हेच देशपातळीवर घडले. क्षयाची औषधे केंद्र सरकार घेऊन राज्यांना देते. साठा आटला तेव्हा १८ मार्चच्या पत्राने राज्यांना तीन महिन्यांची औषधे स्थानिक पातळीवर घेण्यास सांगण्यात आले. पण ही औषधे बनवणारे कारखाने मोजके, त्यांचा माल केंद्राच्या मागणीला बांधलेला. जिल्ह्याने ती घ्यावीत कोठून? क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि त्यात खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. वरच्याने आपली टंचाई खालच्याकडे ढकलणे म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे.

घाईच्या खरेदीत दर्जाचे काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने पुरवठादारापासून मंत्रालयापर्यंतची सगळी साखळी उघडी केली आणि त्या काळच्या आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, २०२४ मध्ये, नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात पोहोचलेली प्रतिजैविके बनावट निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मराठवाड्यातच, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातील गोळ्यांबाबत तशीच तक्रार होऊन गुन्हा नोंदवला गेला. ज्याच्या नावाने हे रुग्णालय उभे आहे त्या संन्याशाने निजामाशी झुंज दिली. त्याच्या नावाच्या रुग्णालयात औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या पोहोचाव्यात, यावर अधिक काय लिहावे! वेगवान पण तपासणीविना येणारा माल हा टंचाईपेक्षा भयंकर असतो. टंचाई निदान दिसते.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की, हे सरकारचे कामच नव्हे. फाटकाबाहेरील दुकानदार जर दुसऱ्या दिवशी औषध आणून देतो, तर त्यालाच काम द्यावे. दुकानदाराच्या चपळतेचे रहस्य त्याच्या कर्तबगारीत कमी आणि त्याच्या व्यवहारात अधिक आहे. तो ठोक व्यापाऱ्याला ठरल्या दिवशी पैसे देतो. सरकारचे देयक वर्ष-दीड वर्ष तुंबते, म्हणून सरकारला माल देणारे थोडे आणि ते दर चढा लावतात. शिवाय दुकानदार विकले जाईल तेच ठेवतो. सर्पदंशावरील प्रतिविष शीतकपाटात वर्षभर ठेवून आषाढातील एका शेतमजुराची वाट पाहणे त्याच्या हिशेबात बसत नाही, आणि बसावे अशी अपेक्षाही नाही. ते काम समाजाचे आहे. एप्रिल २०२१ मध्ये बाजाराची चपळता सर्वांनी पाहिली. रेमडेसिव्हिरची कुपी काळ्या बाजारात विकली जात असताना अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खासदारांनी दिल्लीहून खास विमानाने कुप्या आणल्या, त्याचे चित्रीकरण प्रसिद्ध केले, आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. ज्याच्यापाशी विमान आहे त्याची पुरवठासाखळी नेहमीच चपळ असते. जनऔषधी दुकानांचेही तसेच. मूळ नावाची स्वस्त औषधे मिळणे चांगलेच. पण तीही विकतच घ्यावयाची आहेत, आणि सरकारी रुग्णालयातील दाखल रुग्णाला विकत घेण्याचा सल्ला देणे हा सार्वजनिक वितरणाला पर्याय होऊ शकत नाही.

संभाजीनगरच्या बाबतीत तर विसंगती डोळ्यांत भरते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि पैठण या औद्योगिक पट्ट्यांत देशातील नामांकित औषधकंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या गोळ्या-इंजेक्शने परदेशी जातात. त्याच शहरातील सरकारी रुग्णालयात शेजारच्या तालुक्याची बाई चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडते. या शहराला औषध बनवता येत नाही असे नाही. ते कोणासाठी बनवावे हे ठरवण्याचा अधिकार या शहराला नाही. १९७५ च्या हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती आणि सार्वजनिक क्षेत्राला औषधनिर्मितीत अग्रस्थान द्यावे असे सुचवले होते. १९५४ मध्ये पिंपरीला सुरू झालेले हिंदुस्थान अँटिबायोटिक्स त्या विचाराचे प्रतीक होते. किंमत नियंत्रणाखालील मूळ औषधे १९७९ च्या आदेशात ३४७ होती, १९८७ मध्ये १४२ उरली आणि १९९५ मध्ये ७४. सार्वजनिक कारखाने एकेक करून आजारी पाडले गेले. सरकारच्या हातात स्वतःचे उत्पादन असते तेव्हा टंचाईच्या काळात पुरवठादार अडवून धरू शकत नाही. ही लवचीकता कोणत्याही संगणकप्रणालीने येत नाही.

पैशाचाही प्रश्न आहे. नियोजन आयोगाच्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये औषधांवरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यापर्यंत न्यावा असे म्हटले होते. ती शिफारस धूळ खात आहे. पण पैसा आला तरी तो मार्चअखेरीस आला तर काय होते, हे कोणत्याही भांडारपालाला विचारावे: मिळेल ते घ्या, पण निधी परत जाऊ देऊ नका. वर्षभर उपाशी आणि शेवटच्या आठवड्यात अजीर्ण, अशा पोटाला कोणतेही पथ्य लागू पडत नाही. औषधाच्या निधीला आर्थिक वर्षाची ही फास असू नये. पासबुकातील शिल्लक पुढील वर्षात जावी.

मराठवाड्यासाठी मागणी म्हणून मांडावयाच्या गोष्टी फार नाहीत. आठही जिल्ह्यांत वातानुकूलित औषधकोठारे, प्रत्येक प्राथमिक केंद्रापासून घाटीपर्यंत प्रत्येक संस्थेच्या नावे पासबुक, पुरवठादाराला ठरावीक दिवसांत पैसे, प्रत्येक तुकडीची तपासणी, ऊसतोड कुटुंबांना कोणत्याही जिल्ह्यात चालणारे औषधकार्ड, आणि हाफकिनला पुन्हा उत्पादनाचे भांडवल. यांतील एकही गोष्ट क्रांतीनंतरची नाही. भांडवलदारी चौकटीत इतर राज्यांनी त्यांतील बहुतेक करून दाखवल्या आहेत.

कार्यकर्त्यांनी मात्र नुसता मोर्चा नेऊन थांबू नये. घाटीच्या, जिल्हा रुग्णालयाच्या आणि आपल्या गावच्या केंद्राच्या दारात उभे राहून तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात. रुग्णाचे नाव लिहू नये, औषधाचे नाव, तारीख, विभाग आणि दुकानात मोजलेली रक्कम एवढेच एका वहीत उतरवावे. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याच औषधांची, त्याच तारखांची ‘ई-औषधी’ संगणकप्रणालीतील साठ्याची नोंद मागवावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रत्येक चिठ्ठीमागे तीनपैकी एक गोष्ट निघेल: औषध मागवलेच नव्हते, मागवले पण आले नव्हते, किंवा कोठारात असून वॉर्डात पोहोचले नव्हते. पहिल्यासाठी अधिष्ठात्यांकडे जावे लागेल, दुसऱ्यासाठी मुंबईला प्राधिकरणाकडे, आणि तिसऱ्यासाठी त्याच इमारतीतील भांडारपालाकडे, जो बहुधा एकटाच तीन माणसांचे काम करीत असेल आणि ज्याच्या रिकाम्या दोन जागांची मागणीही त्याच निवेदनात घालावी लागेल.